रूळ तुटलाय हे सिग्नलला कसं कळतं?

पीएचडीसाठी खरगपूरला निघाले तेव्हा आईची एकच अट होती, "रात्रीच्या गाडीने जाऊ नकोस." आता मुंबईहून खरगपूरला जाताना रात्र टाळणार कशी? पण तिच्या डोक्यात ज्ञानेश्वरी एक्सप्रेस होती. 28 मे 2010 रोजी मध्यरात्रीनंतर, हावड्याहून कुर्ल्याला येणारी ही गाडी खरगपूरच्या थोडं पुढे घसरली. समोरून आलेली मालगाडी तिच्या डब्यांवर आदळली आणि सुमारे दीडशे माणसं गेली. तपासात घातपात असल्याचं पुढे आलं.

मग असे कट फसतात तेव्हा नेमकं काय होतं?

पहिला पहारेकरी म्हणजे ट्रॅक सर्किट. विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रुळांचा एक पट्टा विजेच्या दृष्टीने शेजारच्या पट्ट्यांपासून वेगळा करतात. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. करंट एका रुळातून जातो, दुसऱ्यातून परत येतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला करंट मिळत नाही, सिग्नल लाल. गंमत म्हणजे रूळ तुटला तरी करंट थांबतो, म्हणजे पुन्हा लालच! बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशीच ही रचना आहे.

पण सगळीकडे ट्रॅक सर्किट नसतं. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर असतो. तो फक्त चाकं मोजतो, तुटका रूळ त्याला कळत नाही. आणि रूळ अखंड असताना खाली स्फोटक पुरलेलं असेल, तर दोघांनाही पत्ता लागत नाही. म्हणून धोक्याच्या भागात प्रवासी गाडीआधी नुसतं इंजिन पाठवतात, त्याला पायलट इंजिन म्हणतात.

आणि तिसरा पहारेकरी माणूस. रोज रुळालगत चालत जाणारा कीमन, रात्री टॉर्च घेऊन फिरणारा पेट्रोलमन. त्याला गडबड दिसली तर नुसता लाल दिवा दाखवून भागत नाही. का, ते बघू. ताशी 100 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असं धरलं, तर गाडी थांबायला साधारण 770 मीटर लागतात. ताशी 50 ला मात्र 190 मीटर पुरतात. वेग निम्मा केला की अंतर चौथाईवर येतं. धोक्याच्या भागात गाड्या हळू का चालवतात, ते इथे कळतं.

म्हणूनच ब्रॉडगेजवर तो धोक्यापासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन फटाके रुळावर लावतो. चाकाखाली ते वाजले की लोको पायलट ब्रेक लावतो. 1200 हा आकडा 770 पेक्षा मोठा आहे. सगळा जीव त्या फरकात असतो.

पण ते फटाके लावायला त्याला काळोखात, गाडी येण्याआधी, सव्वा किलोमीटर धावावं लागतं. तेही ज्यांनी रूळ उखडला ते आसपास असतील हे माहीत असताना.

कट फसला की पेपरात चार ओळी येतात, 'मोठा अनर्थ टळला'. टाळला कोणी, ते बहुतेक वेळा त्यात नसतं. आता गाडी खेमाशुली ओलांडते तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. कधीतरी एखादा टॉर्च हलताना दिसतो.