शिंपला सांगतो नदीचे दुखणे

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी, पुढे टाकळीजवळ गोदावरीला मिळते. तिचे पाणी तपासले जात नाही असे नाही. पण बाटलीतला नमुना त्या घटकेपुरतेच बोलतो. कोणी मध्यरात्री सांडपाणी सोडले, तर सकाळी दहाच्या बाटलीत त्याचा मागमूसही नसतो. मला तरी येथे शिंपल्याची साक्ष जास्त भरवशाची वाटते.

शिंपला फारसा जागचा हलत नाही. दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळून तो अन्नकण टिपतो. त्याबरोबर आलेले कॅडमियम, शिसे, पारा मांसात साठत जातात. पाण्यात जेमतेम सापडणारा धातू मांसात हजारो पटींनी जास्त आढळू शकतो. म्हणजे हे मांस तपासले की कित्येक आठवड्यांचा हिशेब हाती येतो.

एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७५ साली जगभरच्या किनाऱ्यांवर असा ‘शिंपला-पहारा’ ठेवण्याची सूचना केली. नॉर्वेत ओड्डा येथे जस्ताचा कारखाना आहे. डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या तिथल्या सोरफ्योर्ड खाडीतले शिंपले वर्षानुवर्षे तपासले जात आहेत, आणि ते खाऊ नयेत असे लोकांना बजावावेही लागले. १९८६ पासून कारखान्याचा गाळ खाडीऐवजी डोंगरातील गुहांत साठवू लागले. त्यानंतर प्रदूषण किती ओसरले, हेही शिंपल्यांवरूनच पाहता आले.

आपल्याकडे समुद्र नाही, पण गोदावरीत गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. स्वच्छ पाण्यातले शिंपले जाळीच्या पिशवीत घालून नाल्याच्या वर आणि खाली महिनाभर ठेवायचे, मग दोन्हींचे मांस तपासायचे. खर्च फार नाही. एक अडचण मात्र आहे. पाणी फारच बिघडले की शिंपला कवच मिटून बसतो, नाहीतर मरतो. (तेही एक उत्तरच म्हणायचे!)

आता स्वयंपाकघराकडे वळू. “चांगले उकळून घेतले, मग काय भीती?” असे वाचक मला विचारतात. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. कॅडमियम मूत्रपिंडात साठते, शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. तेव्हा तिसऱ्या, कालवे घेताना ती कोणत्या खाडीची, हे कोळणीला जरूर विचारा. कारखान्यांच्या नाल्याखालचे शिंपले तर घरी आणूच नका. गरोदर बाईला आणि मुलांना ते मुळीच देऊ नका.