मुलाखतीची रांग

साडेनऊ वाजलेत. जिल्हा कारागृहाच्या भिंतीची सावली आखडत चालली आहे, आणि रांग तिच्यासोबत भिंतीला चिकटत चालली आहे. मे महिना. पत्र्याच्या शेडखाली बाकं दोनच, तीही तापलेली. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पिशवीत कपड्यांचा एखादा जोड. काल मतदान झालंय. डाव्या हाताच्या बोटांवरची शाई अजून काळीकुट्ट आहे.

खिडकीतून आवाज येतो, "कच्चा का पक्का?"

"कच्चा, साहेब. तीन वर्षं झाली," पुढची बाई सांगते.

तिच्यामागचीही तेच सांगते, आणि तिच्यामागचीही. खटला अजून उभाच आहे. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेरीस ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ अशीच, निकालाविना.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी. तिथे एक वकील फाइल मांडीवर घेऊन बसलेत. "कलम ६२, पोटकलम ५," ते कप न ठेवताच सांगतात. "आत असला की मत नाही. शिक्षा लागलेली असो, नसो." हे कलम १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते वैध ठरवलं. जादा पोलीस, जादा बंदोबस्त कुठून आणायचा, हेही एक कारण दिलं. स्थानबद्धांना मात्र टपालाने मत देता येतं. आणि २०१३च्या दुरुस्तीनंतर कोठडीतून निवडणूकही लढवता येते. "उभा राहील. स्वतःला मत देता यायचं नाही," वकील हसतात. बाकावर कुणी हसत नाही.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक काका बशीत चहा ओततात. पुतण्याला भेटायला आलेत. स्वतःला चार वर्षांची शिक्षा लागलेली, अपील हायकोर्टात. जामिनावर आहेत. त्यांच्या बोटावरही शाई आहे.

"पुतण्याला काय लागली?"

"त्याला कुठं? तारखाच चालल्यात."

नाव पुकारलं जातं. आत काचेच्या दोन्ही बाजूंना फोन, आणि एकाच वेळी सगळ्यांचे मोठे आवाज. पलीकडचा पोरगा बाईच्या बोटाकडे बघतो. काहीतरी विचारतो.

"दिलं रे कुणाला तरी," बाई ओरडून सांगते. "ते सोड. कोर्ट जामीनदाराचा सातबारा मागतंय. मामाच्या नावावर किती गुंठे उरलेत, तुला माहितीय का?"