टाकवत नाही ना? मग तव्यावर घाला!

मैत्रिणींनो, तुमच्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात एखादी काचेची बरणी आहे का? सैल झाकणाची, आत पांढरट, बुडबुडे आलेलं पीठ, आणि बरणीवर लेकीच्या नाहीतर सुनेच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी – ‘हे टाकू नये’? असली, तर आजचं हे लिखाण तुमच्यासाठीच आहे.

आमच्याकडे ही बरणी आली 2020 च्या टाळेबंदीत. लेक पुण्याहून साताऱ्याला घरी आली, लॅपटॉप उघडून बसली, आणि संध्याकाळी वेळ जाईना म्हणून तिनं सावरडो ब्रेडचा ध्यास घेतला. हा ब्रेड विकतच्या यीस्टवर होत नाही. मैदा किंवा कणीक आणि पाणी समभाग कालवून ठेवायचं, रोज त्याला थोडं नवं पीठ-पाणी द्यायचं. आठवडा-दहा दिवसांत पिठातलेच रानटी यीस्ट आणि दह्यात असतात त्या जातीचे आम्लजंतू त्यात घर करतात. मग ते फुगायला लागतं, आंबूस छान वास येतो. हे झालं आंबवण. मुली त्याला ‘स्टार्टर’ म्हणतात. तसं यात आपल्याला नवं काही नाही. आपलं विरजण काय, जिलबीचं आंबवण काय, जातकुळी एकच. गोव्यातले पोदेरसुद्धा पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेनं आंबवत असत.

नवं होतं ते एवढंच, की रोज पीठ देण्याआधी अर्ध्याहून जास्त आंबवण काढून टाकायचं!

लेकीला विचारलं, ‘‘अगं, टाकायचं कशाला?’’ तर तिनं कागद-पेन्सिल घेतली. पन्नास ग्रॅम आंबवणाला पन्नास ग्रॅम पीठ आणि पन्नास ग्रॅम पाणी दिलं, की उद्या झालं दीडशे. त्या दीडशेला त्याच मापानं द्यायचं म्हटलं, तर परवा साडेचारशे. तेरवा साडेतेराशे. चौथ्या दिवशी चार किलो. म्हणून रोज शंभर ग्रॅम बाहेर. हिशोब बरोबर होता, पण मीही हिशोब केला. त्या शंभरात पन्नास ग्रॅम मैदा, म्हणजे महिन्याला दीड किलो मैदा मोरीत!

आता आमच्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी, आणि 1972 चा दुष्काळ त्यांनी लहान मुलं पदरात असताना काढलेला. रेशनवर तासन्‌तास उभं राहून आणलेला तो लाल मिलो, त्याच्या न फुगणाऱ्या, चिरा पडणाऱ्या भाकरी, हे त्यांच्या तोंडून ऐकतच मी या घरात मुरले. पोळीचा तुकडा उरला तर त्यांच्या राज्यात त्याचा कुस्करा होतो, भाताचा फोडणीचा भात होतो. त्यांच्यासमोर पीठ ओतून द्यायचं मला धाडस नव्हतं. म्हणून लेक पुण्याला परत गेली आणि बरणी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मी काय केलं सांगू? रात्री सगळे झोपले की गुपचूप सिंकमध्ये ओतायचं आणि वरून नळ सोडायचा.

तीन आठवडे निभावलं. चौथ्या आठवड्यात सिंक तुंबलं. प्लंबरनं खालचा वाकडा पाइप सोडवला, आणि त्यातून निघाला तो नारळाएवढा चिकट, आंबट गोळा. ‘‘बाई, इथं कणीक मळता की काय?’’ त्यानं विचारलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. बोलल्या काही नाहीत. न बोलणं बोलण्याहून वाईट असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुपारी जेवताना फक्त एवढंच म्हणाल्या, ‘‘विरजणाला नाही बाई कधी असं ओतावं लागत.’’

(जाता जाता: आंबवण खरंच टाकायचं झालं तर कचऱ्यात किंवा खतात टाका, सिंकमध्ये नको. मैदा पाइपात खळीसारखा चिकटतो.)

दुसऱ्या दिवशी त्यांनीच उरलेलं आंबवण वाटीत मागून घेतलं. मीठ, मिरची, कोथिंबीर घालून धिरडं घातलं. इडलीचं पीठ उरलं की आपण उत्तप्पे घालतोच की, मग याला काय झालं? पण झालं. धिरडं बसलं चपटं, चामड्यासारखं, आणि आंबट तर इतकं, की आमच्या ह्यांनी एका घासात ताट सरकवलं. सासूबाईंनी मात्र ते सबंध संपवलं. का संपवलं ते मला कळलं, आणि तेव्हाच मी ठरवलं, की या पिठाचं काहीतरी खाण्यासारखं करून दाखवायचंच.

याची वाट दाखवली पॅनकेकनं. आणि हे काही नव्या मुलींचं खूळ नव्हे हं! 1896 साली कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि दुसऱ्या वर्षापासून हजारो माणसं बर्फ तुडवत तिकडे धावली. तिथं ना बेकरी, ना ताजं यीस्ट. पाठीवर पिठाची पोती आणि डब्यात आंबवण. थंडीनं ते मरू नये म्हणून रात्री अंथरुणात जवळ घेऊन झोपत, असं सांगतात. सकाळी त्याच आंबवणात पीठ, पाणी आणि चिमूटभर सोडा घालून तव्यावर जाड, फुगीर केक भाजत. तिकडच्या मुरलेल्या माणसाला ‘सावरडो’ हेच नाव पडलं, आणि अलास्कात ते आजही चालतं.

त्या चिमूटभर सोड्यातच सगळी किमया आहे. माझं आणि सासूबाईंचं धिरडं तिथंच चुकलं होतं. उरलेल्या आंबवणातल्या यीस्टची ताकद संपत आलेली असते, त्यामुळे नुसतं तव्यावर टाकलं तर ते फुगत नाही. पण आम्ल भरपूर असतं. सोडा आम्लाला भेटला, की वायू सुटतो आणि पीठ फुलतं. शिवाय आंबटपणा मरतो, आणि रंगही सोनेरी येतो.

आता कृती. वाटी आपली नेहमीची आमटीची, आणि सगळ्याला एकच वाटी वापरा.

रात्री एका मोठ्या पातेल्यात एक वाटी उरलेलं आंबवण (फ्रिजमधलं चार-सहा दिवसांचं साठवलेलंही चालतं), दीड वाटी मैदा, सव्वा वाटी ताक आणि एक मोठा चमचा साखर एकत्र कालवून झाकून ठेवावे. ताक बेताचं दाट हवं, पाण्यासारखं नको. पातेलं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावे. कल्हई गेलेलं पितळी भांडं आंबट पिठाला मुळीच वापरू नये. आणि भांडं मोठं घ्या. मी पहिल्यांदा बेताचं घेतलं, तर सकाळी ओट्यावर पीठ! थंडीत बाहेर ठेवले तरी चालते. एप्रिल-मेमध्ये मात्र फ्रिजमध्येच ठेवावे, नाहीतर सकाळपर्यंत नको इतकं आंबतं.

सकाळी तवा तापायला ठेवल्यावरच पुढचं करायचं. एक अंडे फेटून, दोन मोठे चमचे वितळलेले लोणी किंवा तेल आणि पाव लहान चमचा मीठ पिठात घालावे. सर्वांत शेवटी अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, गुठळी राहू न देता, वरून भुरभुरावा आणि हलक्या हातानं ढवळावे. बघता बघता पीठ फसफसून वर येतं. लहान मुलं घरात असतील तर त्यांना बोलवा, त्यांना फार मजा वाटते. यानंतर मात्र थांबायचं नाही. सोड्याचा वायू उडून गेला की पीठ बसतं आणि परत उठत नाही. सोडा ‘अजून थोडा’ म्हणून वाढवूही नका. जास्त झाला की साबणासारखी चव लागते आणि रंग काळपट-पिवळा होतो. घोटून घोटून पिठातली प्रत्येक गाठ मोडायची आपल्याला खोड असते, ती इथं आवरावी. फार घोटलं की मैद्याला तार सुटते आणि पॅनकेक चिवट होतात.

तवा बिडाचा असो की निर्लेप, आच मध्यमच्या खाली. पाण्याचा थेंब टाकला तर नाचून उडाला पाहिजे. तव्याला तेलाचा हात पुसून लहान पळीभर पीठ मधोमध सोडावे. आपल्या हाताला सवय घावन-आंबोळी पसरवायची, तेव्हा पळी गोल फिरायला जाते. तिला आवरा! पीठ आपलं आपण पसरू द्या, जाडच राहू द्या. वर बुडबुडे येऊन फुटतील. फुटलेली भोकं उघडीच राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या, की एकदाच उलटावे. उलटल्यावर उलथन्यानं दाबू नये. पोळीच्या सवयीनं माझा हात हमखास दाबायला जातो, आणि मग फुगलेलं सगळं बसतं. दुसरी बाजू मिनिटभरात होते. एवढ्या पिठात आठ-नऊ पॅनकेक होतात. पहिला बिघडतोच, तो करणारीनं उभ्या उभ्या खावा.

मध किंवा काकवीबरोबर फार छान लागतात. आमच्याकडे ह्यांना लोणी आणि गूळच लागतो.

सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी अंड्याऐवजी दोन मोठे चमचे दाट दही आणि चमचाभर तेल जास्त घालते. खरं सांगते, हे अंड्याच्या पॅनकेकइतके उंच होत नाहीत, पण मऊ होतात आणि दात नसले तरी खाता येतात. अर्धा मैदा, अर्धी कणीक घेऊनही करून पाहा. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून ताक दोन चमचे वाढवा. साखर कमी करून बारीक कांदा, मिरची आणि कोथिंबीर घातली, की त्यांचं ते बिघडलेलं धिरडंही फुगीर होतं. तेच त्या आवडीनं मागतात.

काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघायच्या. नव्यानं आंबवण लावलं असेल, तर पहिल्या आठवड्यातलं उरलेलं खाण्यात घेऊ नका. तेव्हा त्यात नको ते जंतूही वाढत असतात, वासही वाईट येतो. वर करडं पाणी जमलं तर घाबरायचं कारण नाही. आंबवण भुकेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. ढवळून टाका नाहीतर ओतून द्या. पण गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं वापरायचा लोभ नको. सगळी बरणी टाकायची आणि उकळत्या पाण्यानं धुवायची. इथं माझ्या सासूबाईंचंही ऐकू नका! आणि कच्चं पीठ बोटानं चाखू नका, अंडं घातलेलं तर नाहीच.

आता त्यांच्या विरजणाच्या टोमण्याचं. मी तो मनाला लावून घेतला होता, पण पुढं लेकीशी फोनवर बोलताना लक्षात आलं, की सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. विरजण आपण चमचाभरच राखतो, वाटीभर नाही. मग आंबवण तरी पन्नास-शंभर ग्रॅम कशाला सांभाळायचं, ब्रेड महिन्यातून दोनदा होत असताना? आता आमच्याकडे मोठी बरणी गेली आणि लोणच्याची लहानशी बाटली आली. तिच्यात एक मोठा चमचा आंबवण, दोन चमचे पीठ आणि चमचा-दीड चमचा पाणी. राहते फ्रिजमध्ये. पीठ रोज नाही, आठवड्यातून एकदा. त्या वेळी निघेल ते चमचा-दोन चमचे दुसऱ्या बाटलीत, तेही फ्रिजमध्येच. लेक यायची असली, की दोन दिवस आधी बाटली बाहेर काढून रोज पीठ-पाणी देऊन वाढवायची. ब्रेड होतो, आणि वाटीभर उरतं ते रविवारी सकाळी तव्यावर. साठवणीतलं पंधरा दिवसांवर गेलं तर मी वापरत नाही, फारच आंबट होतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनी संध्याकाळी वाटी घेऊन आल्या. त्यांच्या नातीला ब्रेड शिकायचा होता, म्हणून चमचाभर आंबवण हवं होतं. मी फ्रिज उघडणार, तोच सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘अगं, तिन्हीसांजेला विरजण देतं का कुणी? त्यांना म्हणावं, उद्या सकाळी या.’’