जाखडीत सूर धरा, पण सवाल लागला की गप्प बसा

हेदवी (ता. गुहागर) : गणपती आले की आपल्याकडे जाखडी आलीच. हेदवी, वेळणेश्वर, नरवण, कुठेही जा, वाडीत ढोलकी वाजत असते, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात आणि मांडवात उभं राहायला जागा नसते. गाणी पब्लिकला पाठ. मग सोबत गायचं की नाही? गायचंच. हाताची घडी घालून बघायची ही गोष्ट नव्हे. पण हल्ली नको तिथे गाण्यामुळे चांगली बारी बिघडते, म्हणून हे लिहितोय.

गणाला सगळ्यांनी आवाज द्यावा. गणपतीचं नमन आहे ते, आरतीसारखंच. धृपद कोरस पुन्हा पुन्हा घोळवतो तेव्हाही पब्लिकने उचलून धरलं की शाहिराला जोर येतो आणि त्याला दम खायला मिळतो. भजनात गजराला सगळे मिळून गातात, तसंच. कडवं मात्र शाहिराचं एकट्याचं.

आणि शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तर सवाल लागल्यावर तोंडातून शब्द काढू नये. शक्तीवाले म्हणजे कलगीवाले, ते शक्तीला मोठी मानतात. तुरेवाले शिवाला. एकाने पुराणातला सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्याने जवाबही गाण्यातूनच द्यायचा. समोरचा शाहीर तेव्हा कान देऊन एकेक शब्द टिपत असतो. एका ऋषीचं नाव गोंगाटात ऐकू आलं नाही तर जवाब चुकतो. मग 'सवाल नीट घातलाच नाही', 'तुम्हालाच कळला नाही' असं सुरू होतं आणि दोन वाड्यांचं तोंड वाकडं होतं. महिनाभर सराव केलेल्या पोरांची मेहनत जाते ती वेगळी.

यूट्यूबमुळे एक नवीनच भानगड झाली आहे. शाहिरांची गाणी मोबाईलवर ऐकून पोरं शब्द न् शब्द म्हणतात. चांगलंच आहे. पण शाहीर आजच्या सामन्यासाठी ओळ बदलतो, समोरच्याला टोमणा मारायला नवीन शब्द घालतो. पब्लिक जुनीच ओळ मोठ्याने म्हणतं आणि नवीन ओळ खाली दबते. ज्या ओळीसाठी तो रात्र जागला, तीच कोणी ऐकत नाही!

टाळ्यांचंही तसंच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तुम्ही ढोलकीपासून 50 मीटर मागे असाल तर थाप तुमच्यापर्यंत थोडी उशिरा येते आणि तुमची टाळी परत पुढे पोचेपर्यंत जवळजवळ पाव सेकंदाहून जास्त उशीर होतो. चाल जलद झाली की तेवढ्याने नाचणाऱ्यांचा पाय चुकतो. मागे असाल तर ठेका धरू नका, गाणं संपल्यावर काय वाजवायच्या त्या टाळ्या वाजवा. मोबाईलची बत्तीही नाचणाऱ्यांच्या तोंडावर मारू नये, ते गोल फिरत असतात, डोळे दिपले की एकमेकांवर आपटतात.

बक्षीस द्यायचं तर दोन गाण्यांच्या मध्ये. पन्नासाची नोट घेऊन चालू कडव्यात शाहिरासमोर जाणारे आहेतच, नाव पुकारलं पाहिजे ना! माझ्या मते अशी नावं मंडळाने शेवटी एकदम वाचावीत.

शिमग्यातल्या नमनात मात्र एवढं कडक काही नाही. संकासुर पब्लिकमध्ये घुसतो, पोरं ओरडतात, ती त्याचीच मजा. गवळणीत मावशीच्या विनोदाला कोणी उलट बोललं तरी चालून जातं, उलट रंगत येते.

यंदा सामना ठेवणाऱ्या मंडळांनी एवढंच करावं. सवाल सुरू होण्याआधी निवेदकाने माईकवर सांगावं, 'आता सवाल आहे, शांत बसा', आणि सवाल एकदा गाऊन झाला की तो गद्यात वाचून दाखवावा.