‘सोनोग्राफी केली की कळेलच ना!’

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात सकाळी पाच-सहा विद्यार्थी एका खाटेभोवती गोळा झाले, की शेजारच्या खाटेवरून हमखास शेरा येतो, “एवढं विचारत काय बसलेत? सोनोग्राफी केली की कळेलच ना!” हा समज फक्त रुग्णांचा नाही. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालेल्या बऱ्याच मुलांनाही मनातून तसंच वाटत असतं. हिस्ट्री, म्हणजे रुग्णाची हकिगत विचारणं, हा परीक्षेपुरता सोपस्कार. खरं निदान मशीन करतं.

पण १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉ. हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात आलेले ८० नवे रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकिगत ऐकून केलेलं निदान शेवटपर्यंत टिकलं. शारीरिक तपासणीमुळे ते बदललं सात जणांचं, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमुळे आणखी सात जणांचं. हा काळ आजच्यासारखे स्कॅन सर्रास होण्याआधीचा, हे खरं. पण स्कॅन कुठल्या भागाचा काढायचा आणि त्यात काय शोधायचं, हे आजही रुग्णाच्या सांगण्यावरूनच ठरतं.

“रुग्णाला बोलू दिलं तर ओपीडी संपायची कधी?” ही पुढची शंका, आणि ती बहुधा सिनियरकडून येते. १९८४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडताना आढळले. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मुद्दाम गप्प राहायला सांगून घड्याळ लावलं, तेव्हा ३३५ रुग्णांचं आपणहून बोलणं सरासरी ९२ सेकंदांत आटोपलं. चारांपैकी तिघांहून अधिक जण दोन मिनिटांच्या आत थांबले. म्हणजे तोडून वाचणारा वेळ सरासरी सव्वा मिनिटाचा, आणि तेवढ्यात राहून गेलेली गोष्ट पुढे काय गोंधळ घालेल याचा नेम नाही.

आता थोडं अवघड वळण. ‘बोलणं कुणाला शिकवावं लागतं का? ज्याला जमतं त्याला जमतं.’ हा समज सगळ्यांत चिवट आहे, कारण गप्पिष्ट विद्यार्थ्याला तो सोयीचा आणि बुजऱ्याला तो निमित्त देणारा. प्रत्यक्षात वॉर्डातला प्रश्न हा गप्पांचा प्रश्न नसतोच. “मावशी, तंबाखू खाता का?” असं विचारलं, की उत्तर येतं, “छे, छे, कसलं व्यसन नाही.” विद्यार्थी कागदावर ‘व्यसन नाही’ लिहून मोकळा. तीच मावशी “दात कशाने घासता?” या प्रश्नाला सहज सांगते, “मशेरीनं.” मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, पण ती लावणाऱ्या कितीतरी बायकांच्या लेखी ते व्यसन नसतं. तसंच “झोपल्यावर धाप लागते का?” याला नाही म्हणणारे आजोबा “उशाला किती उशा घेता?” म्हटल्यावर तीन सांगतात, आणि हृदयाकडे लक्ष जातं. असे प्रश्न उपजत सुचत नाहीत. कुणीतरी शेजारी उभं राहून ‘हे असं विचार’ म्हणावं लागतं. याच गरजेतून अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली रुग्णाची भूमिका वठवणारी प्रशिक्षित माणसं विद्यार्थ्यांसमोर आणली. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी मांडलेली, एकेका टेबलावर एकेक कौशल्य तपासणारी ‘ऑस्की’ परीक्षा आज आपल्याकडचे विद्यार्थीही देतात.

तपासणीच्या बाबतीत गैरसमज उलटा आहे: वर्षं गेली की हात आणि कान आपोआप तयार होतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत निवासी डॉक्टरांना हृदयाचे नेहमी आढळणारे बारा ध्वनी ऐकवले. त्यांना सरासरी वीस टक्केच ओळखता आले. प्रशिक्षणाचं वर्ष वाढलं तरी गुण फारसे वाढले नाहीत; विद्यार्थ्यांपेक्षा ते सरस ठरलेच नाहीत. स्टेथोस्कोप १८१६ सालचा असला, तरी कान प्रत्येकाला नव्याने तयार करावा लागतो. तोच मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, पुन्हा पुन्हा ऐकून, आणि चुकलं की कुणी सांगून.

उलट, नीट शिकवलं तर डॉक्टरकीची पदवीही लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि दाईंना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, एवढा हा नियम. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली प्रसिद्ध झालं. आणि बाळाचं पोट उघडं ठेवून त्याच्याकडे मिनिटभर नुसतं बघत बसायचा कंटाळा पुष्कळ विद्यार्थ्यांना येतो!

राहता राहिला रुग्णांचा एक समज: सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेतोय, तेव्हा विद्यार्थ्यांना नाही म्हणता येत नाही. येतं. तपासण्याआधी विद्यार्थ्याने आपण विद्यार्थी आहोत हे सांगून परवानगी घ्यायची असते, बाई रुग्ण असेल तर शेजारी नर्स किंवा नातेवाईक बाई हवी, आणि नकार दिला म्हणून उपचारात कसूर करता येत नाही.