मेट्रोचा निधी आणि निवडणुकीचे वेळापत्रक

शहरात मेट्रो बांधायची, उपनगरी रेल्वेचे रूळ वाढवायचे की नव्या बसगाड्या घ्यायच्या, हा निर्णय कागदावर तांत्रिक असतो. सल्लागार प्रवासीसंख्येचा अंदाज बांधतात, सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो आणि मग मंत्रिमंडळाची मंजुरी मिळते. प्रत्यक्षात कोणता प्रकल्प आधी, कोणता मागून आणि कोणाचा नारळ कधी फुटणार, हे बऱ्याच अंशी निवडणुकीच्या गणितावर ठरते. महाराष्ट्रातील मेट्रो प्रकल्पांत हे स्पष्ट दिसते.

याचे मूळ पैशाच्या वाटेत आहे. मेट्रोचा खर्च हजारो कोटींचा, म्हणजे महापालिकेच्या आवाक्याबाहेरचा. नागपूर आणि पुण्याची महामेट्रो किंवा मुंबईतील मेट्रो ३ बांधणारी कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या समान भागीदारीची आहे. खर्चाचा मोठा वाटा परदेशी वित्तसंस्थांच्या कर्जातून येतो आणि त्या कर्जाला केंद्राची संमती लागते. त्यामुळे मेट्रोची फाईल दिल्ली आणि मंत्रालय या दोन टेबलांवरून जाते. वॉर्डातील नगरसेवकाला तिच्यात फारसे स्थान नसते.

नागपूर आणि पुणे यांची तुलना बोलकी आहे. पुण्याच्या मेट्रोची चर्चा जुनी होती, पण मार्ग भुयारी असावा की उन्नत, या वादात ते घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. नागपूरच्या प्रकल्पाला मात्र ऑगस्ट 2014 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि 21 ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजनही झाले. दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक होती. नितीन गडकरी तेव्हा नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री होते, तर निवडणुकीनंतर नागपूरचेच देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. पुण्याचे भूमिपूजन 24 डिसेंबर 2016 रोजी झाले आणि फेब्रुवारी 2017 मध्ये महापालिकेचे मतदान झाले. पुण्याच्या विलंबाला पुणेकरांचे आपसातील मतभेदही कारणीभूत होते. तरीही राजकीय वजन कामी येते, हे नाकारता येत नाही.

आचारसंहिता लागू झाली की मंत्र्यांना कोनशिला बसवता येत नाही. म्हणून तिच्या आधीचे आठवडे उद्घाटनांनी गजबजतात. मुंबईतील चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोचे भूमिपूजन विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑगस्ट 2009 मध्ये झाले. परवानग्यांवर घोडे अडले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये खासगी कंपनीचा करारच रद्द झाला. नागपूर मेट्रोचा पहिला भाग 7 मार्च 2019 रोजी सुरू झाला आणि तीनच दिवसांनी लोकसभा निवडणूक जाहीर झाली. पुण्यातील जिल्हा न्यायालय–स्वारगेट हा भुयारी मार्ग 26 सप्टेंबर 2024 रोजी सुरू व्हायचा होता. मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला, तसा तयार मार्गही थांबला. तीन दिवसांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे फीत कापली गेली तेव्हा प्रवासी भुयारात उतरले. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली.

सत्ता बदलली की आधीच्यांचा निर्णय फिरवण्याचा मोह होतो. मेट्रो ३ च्या आरे येथील कारशेडसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये, निवडणूक अगदी तोंडावर असताना, झाडे तोडली गेली. नोव्हेंबरअखेर मुख्यमंत्री झालेल्या उद्धव ठाकरे यांनी कामाला स्थगिती दिली आणि पुढे कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे ठरले. तिथल्या जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य भिडले, उच्च न्यायालयाने काम थांबवले. 2022 मध्ये एकनाथ शिंदे सरकार आले आणि कारशेड पुन्हा आरेत गेली. दरम्यान प्रकल्पाचा खर्च सुमारे 23 हजार कोटींवरून 37 हजार कोटींच्या घरात पोहोचला. ही सगळी वाढ एकट्या या वादाने झालेली नाही, पण रखडण्याची किंमत तिच्यात आहेच.

या स्पर्धेत बस मागे पडते. मेट्रोचे खांब मैलभरावरून दिसतात आणि बांधकामाचे कर्ज पुढची कित्येक वर्षे फेडता येते. बसची तूट मात्र दरवर्षी महापालिकेच्या अर्थसंकल्पात उघडी पडते. पुण्यात डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झालेल्या बीआरटीने बससाठी रस्त्याचा पट्टा राखला. तो पट्टा मोटारी आणि दुचाकींच्या वाट्याचा असल्याने विरोध झाला. उन्नत मेट्रो कोणाचा रस्ता कायमचा मागत नाही. मुंबईत बेस्टच्या बसचे किमान भाडे जुलै 2019 मध्ये आठ रुपयांवरून पाच रुपये झाले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेचे मतदान होते. सहा वर्षांनी, मे 2025 मध्ये, ते दुप्पट करावे लागले. मधल्या काळात बेस्टचा स्वतःचा ताफा आटत गेला.

उपनगरी रेल्वेचीही हीच कथा. मुंबईची सर्वाधिक गर्दी लोकल वाहते, पण तिथली कामे मतदाराच्या नजरेत भरत नाहीत. ठाणे–दिवा पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेचे काम 2008 साली हाती घेतले गेले. मार्गिका सुरू झाल्या त्या फेब्रुवारी 2022 मध्ये.

केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणात यावर उपाय सुचवलेले आहेत. मेट्रो मागण्यापूर्वी बससारख्या पर्यायांचा अभ्यास करावा आणि शहरासाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरण नेमावे, अशा अटी त्यात आहेत. पण निर्णय आधी आणि अभ्यास नंतर झाला, तर ही कलमे कागदावरच राहतात. लोकशाहीत वाहतुकीचा निर्णय लोकप्रतिनिधींनीच घ्यायला हवा, यात गैर काही नाही. गैर आहे ते नव्या मार्गाचे मोजमाप भूमिपूजनाच्या तारखेने करणे. मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला मेट्रोच्या नकाशाबरोबरच बस किती मिनिटांनी येणार, हेही विचारले गेले, तर निधीचा ओघ बदलू शकतो.