‘माऊस’ या शब्दाचा गोतावळा

इंग्रजीतील ‘माऊस’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातील ‘मूष’ आणि लॅटिनमधील ‘मूस’ हे त्याचे सख्खे भाऊबंद होत. ‘मूषक’ हा शब्द आपले वैयाकरण ‘मुष्’, म्हणजे चोरणे, या धातूपासून साधतात. ज्याच्या कोठीतील धान्य गेले आहे, त्याला ही व्युत्पत्ती सहज पटेल.

हात कोपरात दुमडला की दंडावर मांसाचा गोळा उठतो. रोमन लोकांना तो कातडीखाली हालणाऱ्या लहानग्या उंदरासारखा भासला. त्यांनी स्नायूला ‘मुस्कुलुस’, म्हणजे चिमुकला उंदीर, असे नाव दिले आणि त्यातूनच इंग्रजीतील ‘मसल’ हा शब्द आला. मराठी माणसाला मात्र त्याच जागी बेडूक दिसला. म्हणून आपण त्या गोळ्याला ‘बेडकुळी’ म्हणतो!

कधी नुसत्या ध्वनिसाम्यानेही फसगत होते. ‘टिटमाऊस’ हा एक लहानसा पक्षी आहे. त्याच्या नावातील उत्तरपद मूळचे ‘मासे’, म्हणजे जुन्या इंग्रजीतील एका पक्ष्याचे नाव. पुढे ते लोकांच्या तोंडी ‘माऊस’ झाले.

संगणकाचा ‘माऊस’ अगदी अलीकडचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली तो तयार केला. लाकडी पेटीखाली परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. पेटीतून निघणारी तार शेपटीसारखी दिसे. आज पुष्कळ माऊसांना तारच नसते. शेपूट गेली, नाव राहिले.

भाषांतरकाराची खरी कसोटी मात्र जीवशास्त्रात लागते. इंग्रजीत ‘माऊस’ आणि ‘रॅट’ हे वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघेही सर्रास ‘उंदीर’ ठरतात. प्रयोगशाळेतील माऊसचे वजन साधारणतः २० ते ४० ग्रॅम असते, तर पूर्ण वाढलेल्या रॅटचे बहुधा २५० ग्रॅमांच्या पुढे. “उंदराला अमुक मिलिग्रॅम औषध दिले” असे मोघम वाक्य लिहिले, तर दहापट लहान प्राण्याची मात्रा मोठ्याची समजली जाण्याचा संभव आहे. घरातील माऊसला लिनिअसने १७५८ साली ‘मस मस्क्युलस’ हे शास्त्रीय नाव दिले. अशा वाक्यात मराठी नावापुढे ते लिहिणे इष्ट. नाही तर निदान ‘लहान उंदीर’ असे तरी म्हणावे.